भाच्याची पिकअप आणि करंजवणची होडी

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा घरी आला आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "खाला, दोन लाख कमी पडताहेत."

दोन लाख कुठले ते मला ठाऊक होते आणि त्यालाही. मुलीच्या डी.फार्मसीच्या प्रवेशासाठी मी बाजूला ठेवलेले पैसे. त्याला सेकंडहँड पिकअप घ्यायची होती. फायनान्सच्या हप्त्यात आणि व्याजात पडायचे नाही, असे आपाने आधीच बजावले होते, म्हणून मामाकडून, चुलत्याकडून, माझ्याकडून थोडेथोडे कर्जे-हसना घेऊन गाडी उभी करायची. आमच्या घरांत अशीच कामे होतात. पण कर्जे-हसना म्हणजे डोळे मिटून दिलेले पैसे नव्हेत. मी म्हटले, देईन. आधी गाडी काय करणार आहे ते वहीत लिहून आण.

टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या क्रेटचे त्याने लिहिले ते बरोबरच होते. दिंडोरी तालुक्यात पिकअपला काम नाही असा महिना शोधावा लागतो. पावसाळा सरता सरता टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारात, जानेवारीपासून द्राक्षे, आणि अधूनमधून पेठच्या रस्त्याने कपराडा-वापीकडे गुजरातची खेप. खाली मात्र एक ओळ होती, तिने मला अडवले: "होड्या ओढून आणणे. ठेकेदाराशी बोलणे झाले आहे."

आमच्या तालुक्यात समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. करंजवण, वाघाड, पालखेड, पुणेगाव, ओझरखेड, तिसगाव, अशी धरणेच धरणे. त्यांत मासेमारी चालते. एका ठेकेदाराला किनाऱ्यावरून जुन्या फायबरच्या होड्या आणायच्या होत्या. पहिली उरणच्या करंजा बंदरातून. करंजाहून करंजवणला! नावे अशी जुळलेली पाहून पोराला तो शुभशकुनच वाटला असावा. पुढे आणखी मोठ्या होड्या होत्या, आत डिझेल इंजिन बसवलेल्या.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गाडीतले मला काय कळणार, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. पण शाळेत विज्ञानाचे सर आहेत, गल्लीत तीस वर्षे मिस्त्रीकाम केलेले एक चाचा आहेत, आणि मला प्रश्न विचारायची सवय आहे. पंधरा दिवस मी दोघांनाही सोडले नाही. त्यातून जे कळले ते इथे देते आहे, कारण आपल्या बऱ्याच घरांत आज एखादा मुलगा पिकअप घ्यायच्या विचारात आहे.

चाचांचे पहिलेच वाक्य होते, "बेटी, ओढते कुठलीही. थांबते कोण ते बघ."

सपाट रस्त्यावर दोन टन वजन हलवायला फार मोठे इंजिन लागत नाही. पहिला गिअर आणि थोडा धीर पुरतो. खरी परीक्षा उतारावर. गाडी थांबवताना ब्रेक तिच्या वेगातली सगळी शक्ती उष्णतेत बदलतात, आणि ही शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० ऐवजी ६० ने जाणारी गाडी थांबवायला दीडपट नव्हे, सव्वादोनपट काम पडते. ८० ने असेल तर चौपट. वजन दुप्पट केले की हे काम पुन्हा दुप्पट. सावळघाटात क्रेट भरलेल्या पिकअपच्या चाकांतून जळका वास येतो तो लायनर तापल्याचा. फार तापले की पाय दाबूनही गाडी धरत नाही. आता तिच्यामागे स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर जोडा. पुढच्या चार चाकांनी स्वतःचेही वजन थांबवायचे आणि मागून ढकलणाऱ्या होडीचेही.

म्हणून निवडीचे पहिले कलम वहीत असे गेले: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच होडी.

परदेशात हा नियम फार काटेकोर आहे. टोयोटा हायलक्स किंवा इसुझु डी-मॅक्स या पिकअपना तिकडे साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायला मान्यता आहे, पण ट्रेलरला ब्रेक असेल तर. ब्रेक नसेल तर तीच गाडी, तेच इंजिन, आणि मर्यादा एकदम ७५० किलोवर येते. इंजिनाची ताकद तेवढीच राहून आकडा पाचव्या हिश्श्याच्या जवळ येतो, यावरून काय ते समजावे. भाच्याने मोबाइलवर या गाड्यांनी भल्यामोठ्या बोटी ओढल्याचे व्हिडिओ पाहिले होते. ट्रेलरच्या ब्रेकबद्दल त्या व्हिडिओत कोणी बोलत नव्हते.

मग गाडी कुठली? हायलक्सचा विषय एका मिनिटात संपला. ती आपल्याकडे २०२२ मध्ये आली, ताकद उत्तम, चारही चाके ओढतात, पण किंमत तीस लाखांच्या घरात. इसुझुवर मात्र दोन दिवस चर्चा झाली. चेसिस दणकट, इंजिनाला जोर चांगला. चाचांनी एकच विचारले: द्राक्षांच्या हंगामात फेब्रुवारीत ही वणीजवळ बंद पडली तर त्याच दिवशी सुटा भाग कुठून आणशील? बोलेरो पिकअपचा क्लच किंवा पाटा आमच्याकडे गावोगावच्या दुकानांत मिळतो, मिस्त्री डोळे मिटून बसवतो. टाटाची योद्धाही पाहिली. दोन टन माल नेणारे तिचे मॉडेल आहे आणि इंजिनही बोलेरोपेक्षा जोरकस. पण हाती आलेली योद्धा दगड-वाळूवर राबलेली होती, चेसिसला वेल्डिंगचा जोड दिसला. तो दिसताच चाचा गाडीखालून बाहेर आले आणि हात झटकून चालू लागले. ओढण्याच्या कामाला जोडलेली चेसिस नको म्हणजे नकोच.

शेवटी बोलेरो पिकअपच ठरली, मालकाने एकट्याने चालवलेली. वर्षातले तीनशे दिवस क्रेट वाहायचे आणि चार दिवस होडी ओढायची, तर गाडी तीनशे दिवसांसाठी घ्यावी, हा माझा आग्रह होता आणि तो मी सोडला नाही.

आता कागद. हा भाग रूक्ष आहे, पण पैसे इथेच जातात. आरसी बुकावर दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि मालासह एकूण. दुसऱ्याच्या वर गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. माल गाडीबाहेर लोंबत असेल तर त्यालाही २० हजार. त्यामुळे "होडी हौद्यातच तिरकी टाकू, मागे लाल फडके बांधू" ही त्याच्या मित्राची सूचना बाद झाली. पाट्यांत एक जादा पाटा घातला की गाडी जास्त भरता येते असे आपल्याकडे सगळेच मानतात. पाट्याने गाडी बसायची थांबते. पण ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच आणि आरसीवरचा आकडाही तोच राहतो. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी आणि विमा लागतो. गल्लीत वेल्डिंग करून घेतलेल्या ट्रेलरला हे मिळत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो. लायसनचा घोळ तेवढा मिटला आहे. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

ट्रेलर होडीवाल्यांकडूनच भाड्याने घ्यायचे ठरले, नोंदणी असलेला आणि दाबाचा ब्रेक असलेला. हा ब्रेक सोपा आहे. पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर तिला ढकलतो, त्या ढकलण्यानेच दांडीतला दट्ट्या आत जातो आणि ट्रेलरची चाके धरली जातात. वायर लागत नाही, म्हणून पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरला हा बरा.

हूक बसवताना मात्र पोराने घाई केली. तालुक्याबाहेरच्या एका गॅरेजात तासाभरात मागच्या बंपरच्या पट्टीला हूक वेल्ड करून आणला आणि मला फोटो पाठवला. फोटो चाचांना दाखवला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. बंपर ही आडोशाची पट्टी आहे, ओढायची नव्हे. हूक चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना, जाड प्लेट घालून, चांगल्या प्रतीच्या नटबोल्टने बसला पाहिजे. चेसिसवर वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड तिथेच कमजोर होते. तो हूक कापून काढला, नवा बसवला, अडीच हजार फुकट गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी ढिली पिनही चालत नाही. ट्रॅक्टर ताशी वीसने जातो, तिथे खडखड चालते. पिकअपच्या वेगात प्रत्येक ब्रेकला तोच ढिलेपणा हातोड्यासारखा आदळतो. म्हणून गोळा आणि त्यावर नेमकी बसणारी वाटी, शिवाय खालून फुलीसारख्या नेलेल्या दोन साखळ्या. वाटी निसटली तर दांडी त्या फुलीत अडकून राहते, रस्त्यात रुतत नाही.

मागचे टायर नवे घेतले, वजनाचा आकडा वाचून. हवा गाडी थंड असताना भरायची. आरसे लांब दांडीचे लावले. ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी केली. रेडिएटर धुऊन घेतला, ब्रेकचे तेल बदलले. ते जुने झाले की पाणी शोषते आणि तापल्यावर त्यात वाफ होते, हे मला नवे होते.

आणि वजनकाटा. आमच्या भागात कांदा-टोमॅटोमुळे काटा जवळ असतोच, शे-दोनशे रुपयांत पावती मिळते. वहीतला हिशेब असा होता. आरसीवरचे एकूण वजन ३,००० किलोच्या जवळपास. दोन माणसे, डिझेल, जॅक, दोर धरून गाडी काट्यावर भरली १,८६०. उरले ११४० च्या आसपास. कंपनीच्या पुस्तकात ओढण्याचा आकडा स्पष्ट दिलेला नसेल तर तो आपल्या मनाने धरू नये. आम्ही नियम केला की हौदा मोकळा ठेवायचा आणि ट्रेलर-होडी मिळून या उरलेल्या वजनाच्या आत बसवायची. कोणाला हे फार भित्रेपणाचे वाटेल. पैसे माझे होते.

डिसेंबरात ते निघाले. भाचा आणि सोबत माझे पती, ज्यांना मी "फक्त लक्ष ठेवा" असे सांगून पाठवले. करंजाला होडी ट्रेलरवर चढवून काट्यावर नेली: होडी ६२०, ट्रेलर ३४०, एकूण ९६०. मग दांडीवरचे वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर, यायला हवा. ते मोजायला आमच्या बाथरूममधला माणसांचा काटा नेला होता. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हुकाच्या उंचीवर दांडी टेकवली. ९५ किलो. छान.

दोघे नमाजला गेले. तेवढ्यात होडीवाल्याने प्रेमाने, मदत म्हणून, ९० किलोचे बाहेरचे इंजिन होडीच्या मागच्या फळीवर लटकवून बांधून टाकले. कोणी पुन्हा काटा लावला नाही.

पनवेल सोडून मोकळ्या रस्त्यावर वेग सत्तरच्या पुढे गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. आधी थोडा, मग जास्त, मग पिकअपचा मागचा भागच डावीउजवीकडे ओढला जाऊ लागला. यांनी नंतर सांगितले, शेजारून टँकर चालला होता आणि मला मुलीचा चेहरा दिसला. भाच्याला चाचांचे शब्द आठवले ते नशीब: अशा वेळी जोरात ब्रेक नाही, स्टेअरिंगने झुंजायचे नाही, पाय काढून घ्यायचा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचे. तिसेक सेकंदांत ती सरळ झाली. बाजूला घेऊन दोघे खाली उतरले तेव्हा यांचे पाय थरथरत होते.

कारण विज्ञानाच्या सरांनी मला नंतर फळ्यावर काढून दाखवले. चाकांच्या अडीच मीटर मागे ९० किलो, हूक चाकांच्या चार मीटर पुढे. तराजूच झाला. मागे पडलेल्या वजनाने पुढची दांडी ५६ किलोंनी उचलली, ९५ चे राहिले ४० च्या आत. दहा टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली. मागे जड झालेला ट्रेलर वेगात असा डुलतोच, मग गाडी कितीही मोठी असो. त्या दोघांनी इंजिन काढून पिकअपच्या हौद्यात पुढच्या बाजूला बांधले आणि होडीचे दोर पुन्हा आवळले. त्यानंतर दिंडोरीपर्यंत ट्रेलर हलला नाही. साठच्या वर वेगही गेला नाही, ते मी सांगायला नको.

कसारा घाट चढताना एसी बंद, दुसरा गिअर, डावी बाजू. मागून हॉर्न वाजत राहिले, वाजू दिले. सुई वर सरकू लागली तेव्हा एकदा थांबले, पण इंजिन लगेच बंद न करता मोकळे चालू ठेवले, म्हणजे पाणी फिरत राहते. इगतपुरीला चहा घेताना प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन पाहिला. ट्रेलरचे डावे हब उजव्यापेक्षा बरेच गरम होते. बेअरिंग जास्त आवळलेले निघाले, ते एका मिस्त्रीने तासाभरात सैल करून नवे ग्रीस भरून दिले. मुक्काम नाशिकला नातेवाइकांकडे. रात्री अंधारात धरणावर होडी उतरवायची नाही, ही माझी अट होती.

सकाळी करंजवणला मीही गेले. धुके होते, काठ ओला. ट्रेलर घेऊन उलटे जाणे म्हणजे स्टेअरिंग डावीकडे फिरवावे तर ट्रेलर उजवीकडे जातो. शाळेच्या मैदानावर दोन संध्याकाळी सराव केलेला असूनही पोराला चार वेळा पुढे-मागे करावे लागले. यांनी पाण्यात घालायची घाई केली तर भाच्यानेच अडवले, "खालू, हब गार होऊ द्या." तापलेले हब गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते, मग आठ दिवसांत बेअरिंग गंजते. वीस मिनिटे आम्ही काठावर बसून डब्यातले पराठे खाल्ले.

ओल्या उतारावर मोकळ्या हौद्याच्या पिकअपची मागची चाके घसरतात, कारण जोर तिथे आणि वजन पुढे. दांडीवरचे ते ९५ किलो इथेही उपयोगी पडतात. तरी एका चाकामागे दगड लावून एक माणूस उभा केला होता. हौद्यातले इंजिन उतरवून होडीवर चढवले, होडी पाण्यावर आली, दोर सोडला, आणि ट्रेलर रिकामा वर आला. ठेकेदाराच्या माणसांनी दोन हाकांत ती काठाला लावली.

मार्चमध्ये ठेकेदाराचा पुन्हा फोन आला. या वेळी आत डिझेल इंजिन असलेली मोठी होडी, ट्रेलरसह २,६०० किलो. पहिल्या खेपेच्या दुपटीहून जास्त भाडे कबूल करत होता. दुसरा एक पिकअपवाला याहून कमीत आणायला तयार आहे, असेही त्याने सुनावले. मी काही बोलले नाही. भाच्याने वही उघडली, जुन्या हिशेबाखाली २,६०० लिहिले, त्याखाली ११४० लिहिले, आणि ठेकेदाराला सांगितले की ही होडी ट्रकच्या हौद्यात क्रेनने चढवून आणा, ट्रक मी ठरवून देतो. दोन दिवस कुरकुर करून त्याने तसेच केले. ट्रक ठरवून दिल्याचे भाच्याला तीन हजार सुटले.

द्राक्षांचा हंगाम बरा गेला. माझे पन्नास हजार त्याने एप्रिलमध्ये आणून दिले आणि उरलेले टोमॅटोत देईन म्हणाला. मुलीच्या प्रवेशाची पहिली फी त्यातूनच भरली. बाथरूमचा काटा मात्र अजून त्याच्या पिकअपमध्येच आहे, मागितला तर म्हणतो, "खाला, नवा घ्या."